शिंपल्यांवर तातडीची बंदी आली, तर नागपुरात काय करायचं: नवख्यांसाठी मार्गदर्शक

किनाऱ्यावरच्या एखाद्या खाडीतून शिंपले काढू नका, विकू नका, असा तातडीचा आदेश निघतो तेव्हा नागपुरात त्याकडे सहसा कुणाचं लक्ष जात नाही. मुंबईचा समुद्र इथून रेल्वेने आठशे किलोमीटरहून लांब, आणि आपला बाजार मुख्यतः रोहू, कतला, मरळ आणि झिंग्यांचा. पण आता बर्फाच्या खोक्यातून तिसऱ्याही (छोटे शिंपले) येतात, गोठवलेल्या सोललेल्या शिंपल्यांची पाकिटं मिळतात, हॉटेलांच्या मेन्यूवर कालवं (ऑयस्टर) दिसतात आणि कोकणातून परतणारे लोक थर्माकोलच्या डब्यात शिणाणे (मसल) घेऊन येतात. माल इथपर्यंत पोहोचतो, त्याच्यावरची बंदी मात्र पोहोचत नाही. हा लेख त्यासाठी आहे: घरी पहिल्यांदा तिसऱ्या आणणाऱ्यांसाठी, नव्याने मासळी विकू लागलेल्यांसाठी आणि मेस-केटरिंगवाल्यांसाठी.

आधी हे विष समजून घ्या

समुद्रात डोळ्यांना न दिसणारी एकपेशीय शैवालं असतात. त्यांतल्या काही जाती विष तयार करतात. पाणी, ऊन आणि पोषकद्रव्यं यांचं गणित जुळलं की ती झपाट्याने वाढतात. शिंपला पाणी गाळून जगतो, तासाला काही लिटर पाणी त्याच्या अंगातून जातं. त्या पाण्यातली शैवालं त्याच्या पोटात जातात आणि त्यांचं विष मांसात साठतं. शिंपल्याला त्याचा फारसा त्रास होत नाही. तो जिवंत राहतो, टकटक केली की कवच मिटतो, वास-चव नेहमीसारखीच असते. त्यामुळे ताजेपणाची आपली सगळी परीक्षा इथे निरुपयोगी ठरते. मेलेला, उघडा पडलेला शिंपला टाकायचाच, पण तो जिवाणूंच्या भीतीने. विषारी शिंपला अगदी टवटवीत असू शकतो.

हे फक्त परदेशात घडतं असं समजू नका. १९८१ साली तमिळनाडूत अशा शिंपल्यांनी तीन जीव घेतले. १९९७ साली केरळातल्या विळिंजमला शिणाण्यांच्या जातीचे शिंपले खाऊन सात जण दगावले आणि पाचशेहून अधिक लोकांना रुग्णालयात न्यावं लागलं.

मुख्य विषं अशी. सॅक्सिटॉक्सिन हे सर्वांत घातक, ते नसांमधला संदेश अडवतं आणि स्नायू लुळे पाडतं. डोमोइक आम्ल मेंदूवर परिणाम करतं. १९८७ साली कॅनडात शिंपल्यांतून त्याची बाधा होते हे पहिल्यांदा ओळखलं गेलं तेव्हा शंभराहून अधिक लोक आजारी पडले होते आणि काहींची स्मरणशक्ती कायमची बिघडली. ओकाडाइक आम्लाने जुलाब होतात. ब्रेव्हेटॉक्सिन आणि अझास्पिरासिड ही आणखी दोन. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्न मानकात एका किलो मांसामागे सॅक्सिटॉक्सिनची कमाल मर्यादा ०.८ मिलिग्रॅम आहे, ओकाडाइक आम्ल आणि अझास्पिरासिडची प्रत्येकी ०.१६ मिलिग्रॅम आणि डोमोइक आम्लाची २० मिलिग्रॅम. या आकड्यांच्या वर नमुना गेला की काढणी बंद होते. सॅक्सिटॉक्सिनचे एक ते चार मिलिग्रॅम माणसाला मारू शकतात, हे लक्षात घेतलं की मर्यादा इतकी कडक का ते कळतं.

पायरी १: बंदी कोणती आहे ते ओळखा

महाराष्ट्रात पावसाळ्यात यांत्रिक नौकांना मासेमारी बंद असते. ती माशांच्या विणीसाठी आणि खवळलेल्या समुद्रासाठी असते. तिचा विषाशी संबंध नाही, आणि त्या काळात आधीचा गोठवलेला माल खाणं धोक्याचं ठरत नाही. विषामुळे आलेली बंदी वेगळी. ती वर्षात केव्हाही येऊ शकते, एखाद्या खाडीपुरती किंवा संपूर्ण किनाऱ्यापुरती असू शकते आणि ती ठरावीक प्राण्यांवर असते. काही ठिकाणी धोक्याचे महिने इतके ठरलेले असतात की दरवर्षी बंदी आपोआप लागू होते. कॅलिफोर्नियात हौशी लोकांनी शिणाणे काढण्यावर १ मे ते ३१ ऑक्टोबर अशी वार्षिक बंदी असते. २०२४ च्या मे महिन्यात शेजारच्या ओरेगॉन राज्याने संपूर्ण किनाऱ्यावर शिणाणे काढणं बंद केलं, तेही लोक आजारी पडल्यावर.

आदेश हातात आला की त्यातून पाच गोष्टी काढून कागदावर लिहा: जागा, प्राणी, विष, बंदी कधीपासून, आणि आधी काढलेला माल परत मागवला आहे का. शेवटची गोष्ट नागपूरसाठी सर्वांत महत्त्वाची, कारण बंदीची बातमी येईपर्यंत माल इथल्या बर्फात पडलेला असतो.

तारखेबाबत नवखे लोक हमखास गोंधळतात. "१० तारखेपासून बंदी" याचा अर्थ ९ तारखेचा माल चांगला, असा होत नाही. नमुना काही दिवस आधी घेतलेला असतो, प्रयोगशाळेला वेळ लागतो आणि तोवर काढणी चालूच असते. खरी सीमारेषा म्हणजे शेवटचा स्वच्छ नमुना ज्या दिवशी घेतला तो दिवस. त्यानंतर काढलेलं सगळं संशयित. ती तारीख कळत नसेल तर आदेशाच्या आधीच्या दोन आठवड्यांतला माल बाजूला ठेवा. विष काही दिवसांतच कित्येक पट चढू शकतं, म्हणून ही खबरदारी जास्तीची म्हणता येणार नाही.

बंदीचं क्षेत्र नमुन्याच्या जागेपेक्षा मोठं का, असंही विचारलं जातं. पाणी भरती-ओहोटीने फिरतं आणि शैवालं त्याच्यासोबत फिरतात. शेजारच्या खाडीचा नमुना स्वच्छ आल्याचा कागद नसेल तर ती खाडीही संशयितच धरा.

पायरी २: ताटातलं काय त्यात येतं, काय नाही

दोन कवचांचे सगळे प्राणी येतात: तिसऱ्या, शिवल्या, खुबे, कालवं, शिणाणे, मुळे. ही यादी पाठ असू द्या, कारण विक्रेता एका नावाने विकतो आणि आदेशात दुसरंच नाव असतं.

झिंगे आणि कोळंबी पाणी गाळून खात नाहीत, म्हणून ती सहसा अशा बंदीत नसतात. खेकड्याचं थोडं वेगळं आहे. त्याच्या नांगीतलं आणि पायातलं मांस बहुधा ठीक असतं, पण कवचाखालचा पिवळट-तपकिरी गर ही विष साठण्याची जागा आहे. डोमोइक आम्लामुळेच २०१५ साली कॅलिफोर्नियात खेकड्यांचा हंगाम लांबवावा लागला होता. नागपूरकर खेकडा कवचासकट ठेचून रस्सा करतात, तेव्हा तो गर थेट रश्शात उतरतो. बंदीच्या काळात समुद्री खेकडा आणायचाच असेल तर शिजवण्याआधी कवच काढून गर फेका, आणि उकडलेलं पाणीही वापरू नका. आदेशात खेकड्याचं नाव असेल तर मात्र आणूच नका. तारली, बांगडा असे शैवालखाऊ मासे पोट साफ करून घ्या, त्यांच्या आतड्यांचा काही पदार्थ करू नका.

पायरी ३: विकत घेताना काय विचारायचं

दोन प्रश्न: कुठून काढले आणि कधी काढले. "मुंबईचा माल आहे" हे उत्तर पुरेसं नाही. मुंबईच्या घाऊक बाजारात रायगडपासून कारवारपर्यंतचा माल येतो. खाडीचं किंवा बंदराचं नाव आणि काढणीची तारीख हवी. विक्रेत्याला ते सांगता येत नसेल तर बंदीच्या काळात त्या दिवशी दुसरी मासळी घ्या. त्याच्यावर चिडून उपयोग नाही, त्यालाही वरून तसंच मिळालेलं असतं.

व्यावसायिकांनी बिलाशिवाय माल घेऊ नये. अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, २००६ च्या कलम २६ नुसार माल पुरवणाऱ्याने तो पुढे विकणाऱ्याला लेखी हमी द्यावी लागते आणि बिल किंवा पावती हीच ती हमी मानली जाते. पावती नसेल तर उद्या कुणी आजारी पडल्यावर जबाबदारी तुमच्या दारात येऊन थांबेल. पावतीवर पुरवठादाराचा १४ अंकी परवाना किंवा नोंदणी क्रमांक आहे का ते पाहा.

एक साधी वही ठेवा. माल आल्याची तारीख, पुरवठादार, काढणीची जागा, काढणीची तारीख, वजन, आणि कुणाला विकला. घरगुती ग्राहकांची नावं लिहिणं शक्य नाही, पण हॉटेल आणि केटररची लिहाच. अमेरिकेत हॉटेलांना शिंपल्यांच्या पोत्याची चिठ्ठी ९० दिवस जपून ठेवावी लागते. आपणही तेवढे दिवस नोंद ठेवावी, गोठवलेल्या मालाची तर साठा संपेपर्यंत.

दोन पोती कधीही एकत्र करू नका. एक पोतं श्रीवर्धनचं, दुसरं रत्नागिरीचं, दोन्ही एका टबात ओतलं आणि त्यांतल्या एका जागेवर बंदी आली, तर सगळा टब फेकावा लागतो. बर्फाचं पाणीही एका टबातून दुसऱ्यात जाऊ देऊ नका.

गोठवलेल्या पाकिटाच्या बाबतीत तारीख वाचताना सावध राहा. पाकिटावर पॅकिंगची तारीख असते, काढणीची नसते. दोन्हींमध्ये आठवडे जाऊ शकतात. गोठवल्याने विष तसंच राहतं, सहा महिन्यांनीही. निर्यातीसाठीच्या शिंपल्यांवर निर्यात तपासणी परिषदेची देखरेख असते, पण पोत्यातून आलेल्या खुल्या मालाला ती लागू होते असं धरून चालू नका.

पायरी ४: बातमी कुठून घ्यायची

समाजमाध्यमांवर फिरणारा लाल समुद्राचा फोटो पुरावा नाही. समुद्राच्या रंगावरून विष ठरत नाही. कोकण किनाऱ्यावर रात्री निळ्या चमकणाऱ्या लाटा दिसतात, त्या घडवणारा नॉक्टिल्युका हा जीव सॅक्सिटॉक्सिन बनवत नाही. उलट विषारी शैवालांची संख्या इतकी कमी असू शकते की पाणी नितळ दिसतं आणि शिंपला मात्र मर्यादेच्या वर असतो. हैदराबादची इन्कॉइस ही केंद्रीय संस्था उपग्रहाच्या मदतीने शैवालांच्या बहराची माहिती देते. ती उपयोगी आहे, पण उपग्रहाला पाण्याचा रंग दिसतो, शिंपल्यातलं विष दिसत नाही. विषाचा निकाल मांसाच्या चाचणीतूनच लागतो.

म्हणून आदेश कुणाचा आहे ते बघा: संबंधित किनारी जिल्ह्याचं प्रशासन, राज्याचा मत्स्यव्यवसाय विभाग किंवा अन्न व औषध प्रशासन. शहरातला माल थांबवण्याचा अधिकार अन्न व औषध प्रशासनाकडे आहे. अन्न सुरक्षा आणि मानके कायद्याच्या कलम ३४ मध्ये आरोग्याला धोका असेल तर तातडीच्या मनाईची तरतूद आहे आणि कलम २८ मध्ये माल परत मागवण्याची. तांत्रिक शंका असेल तर नागपुरातच मत्स्यविज्ञान महाविद्यालय आहे, पशु व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचं. तिथल्या तज्ज्ञांना विचारणं दुकानदाराच्या अंदाजापेक्षा नक्कीच बरं.

पायरी ५: शिजवल्याने विष निघून जाईल या भरवशावर राहू नका

इथे आग्रहाने सांगावंसं वाटतं, कारण याच गैरसमजाने माणसं मरतात. सॅक्सिटॉक्सिन उष्णतेला दाद देत नाही. उकळणं, तळणं, वाफवणं, कुकरच्या पाच शिट्ट्या, काहीही केलं तरी ताटात धोकादायक प्रमाण उरू शकतं. ते पाण्यात विरघळतं, त्यामुळे शिजवताना काही विष मांसातून रश्शात जातं. म्हणजे मुलांना "तिसऱ्या नको, नुसता सार पी" म्हणून वाटी दिली, तर त्या वाटीत विषच दिलेलं असतं.

आंबटाने काही होत नाही. सॅक्सिटॉक्सिन आम्लात उलट जास्त टिकतं. लिंबू, चिंच, कोकम यांनी चव येईल, संरक्षण मिळणार नाही. सावजी मसाला कितीही जहाल असला तरी त्याचा विषावर परिणाम नाही. दारूने बाधा उतरते हा समज जीवघेणा आहे, कारण नशा आणि विषबाधा यांची सुरुवातीची लक्षणं सारखी दिसतात. चांदीचं नाणं काळं पडणं, लसणाचा रंग बदलणं, मांजराला आधी खाऊ घालणं, यांतलं काहीही चाचणी नाही.

मिठाच्या पाण्यात रात्रभर ठेवल्याने रेती निघते. विष निघत नाही. नैसर्गिक रीतीने शिंपला विष सोडतो तेही स्वच्छ समुद्रात, जातीनुसार काही आठवड्यांत किंवा महिन्यांत. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका जातीच्या शिंपल्यात ते दोन वर्षांपर्यंत टिकल्याचं आढळलं आहे.

थोडंच खाल्लं तर चालेल का? किलोभर तिसऱ्यांतून मांस जेमतेम दीड-दोनशे ग्रॅम निघतं, म्हणून लोकांना वाटतं की एवढ्याने काय होणार. पण विषाचं प्रमाण मर्यादेच्या दहापट असेल तर त्या दोनशे ग्रॅममध्ये १.६ मिलिग्रॅम सॅक्सिटॉक्सिन येतं. बंदी असताना एक वाटीही नको.

पायरी ६: खाल्ल्यावर त्रास झाला तर

सॅक्सिटॉक्सिनची लक्षणं काही मिनिटांत ते दोन-तीन तासांत सुरू होतात. आधी ओठ, जीभ आणि हिरड्यांना मुंग्या, मग बोटांना. त्यानंतर तोल जातो, बोलणं जड होतं, गिळता येत नाही आणि शेवटी श्वास. मुंग्या आल्या की वाट पाहू नका, १०८ ला फोन करा. मेडिकल, मेयो, मिहानमधलं एम्स किंवा जवळचं व्हेंटिलेटर असलेलं कोणतंही रुग्णालय गाठा. या विषावर उतारा नाही. श्वास यंत्राने चालू ठेवला आणि पहिले बारा ते चोवीस तास निघाले तर माणूस बहुधा पूर्ण बरा होतो. म्हणून अंतर आणि वेळ यांनाच किंमत आहे.

दाखल करताना पहिलं वाक्य हे बोला: "समुद्रातले शिंपले खाल्ले, इतक्या वाजता." विदर्भात लुळेपणा घेऊन आलेल्या रुग्णाकडे बघताना डॉक्टरांच्या मनात आधी मण्यारचा दंश, कीटकनाशक किंवा पक्षाघात येणं साहजिक आहे. शिंपल्यांचा उल्लेख झाला नाही तर बहुमोल वेळ जातो. डॉक्टरांना विषबाधेचा सल्ला हवा असेल तर दिल्लीच्या एम्समध्ये राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे, क्रमांक १८०० ११६ ११७.

घरी उलटी करवू नका. गिळता येत नसेल तर पाणी, ताक, काहीही तोंडात घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. रुग्णाला कुशीवर ठेवा आणि त्याच्याशी बोलत राहा: तो हलत नसला तरी बहुतेक वेळा शुद्धीवर असतो आणि सगळं ऐकत असतो.

जुलाब आणि पोटदुखी अर्ध्या तासात ते काही तासांत सुरू झाली तर ओकाडाइक आम्लाची शक्यता असते. ते साधारण तीन दिवसांत ओसरतं, जीवनरेखा म्हणजे ओआरएस. उलट्यांनंतर दिवस-दोन दिवसांत गोंधळ, विसराळूपणा, झटके आले तर डोमोइक आम्लाचा संशय घ्यावा. गरम वस्तू थंड आणि थंड वस्तू गरम लागणं हे ब्रेव्हेटॉक्सिनचं लक्षण असू शकतं.

उरलेलं अन्न फेकू नका. कच्चे शिंपले, शिजवलेलं मांस आणि रस्सा वेगवेगळ्या स्वच्छ बरण्यांत भरा, शक्य असल्यास प्रत्येकी दीडशे ग्रॅमच्या आसपास. वर तारीख, वेळ, दुकान आणि कुणी खाल्लं ते लिहा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. रिकामी कवचंही ठेवा, जात ओळखायला लागतात. हा नमुना अन्न व औषध प्रशासनाच्या अधिकाऱ्याला द्या. त्याच पोत्यातला माल आणखी कुठे गेला ते शोधण्याचा दुवा बहुधा यातूनच मिळतो.

गोड्या पाण्याबद्दल थोडं

आपल्या तलावांमध्ये समुद्री विषाची ही साखळी नाही. पण सांडपाण्याने भरलेल्या तलावात उन्हाळ्यात निळ्या-हिरव्या शैवालांची साय येते, आणि तीही मायक्रोसिस्टिन नावाचं यकृताला मारक विष बनवू शकते. पाणी उकळल्याने ते जात नाही. पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआरची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे १ मायक्रोग्रॅम आहे, यावरून त्याची तीव्रता कळावी. हिरव्या रंगासारखी साय काठाला लागलेल्या पाण्यातले शिंपले आणि गोगलगायी खाऊ नका, मासा घेतलाच तर आतडी-यकृत काढून मांस धुऊन घ्या, आणि गुरांना त्या काठावर पाणी पाजू नका.

पायरी ७: बंदी उठल्यावर

एक नमुना स्वच्छ आला म्हणून बंदी उठत नाही, काही दिवसांच्या अंतराने सलग नमुने मर्यादेच्या आत यावे लागतात. जातीनुसार तारखा वेगळ्या असतात. शिणाणे लवकर मोकळे होतात, म्हणून त्यांच्यावरची बंदी उठली आणि तिसऱ्यांवरची चालू, असं होऊ शकतं. लेखी आदेशात जातीचं नाव वाचूनच खरेदी सुरू करा.

आणि फ्रीजरमधला बंदीच्या काळातला माल बंदी उठल्यावरही विषारीच राहतो; तो चांगला समजण्याची चूक फार होते. आपल्या वहीतल्या काढणीच्या तारखेवरून तो वेगळा काढा, पाकिटांवर लाल रंगाने "विकू नये" लिहा आणि अधिकाऱ्यांना कळवून नष्ट करा. घरी असेल तर दोन पिशव्यांत घट्ट बांधून ओल्या कचऱ्याच्या गाडीत चालकाला सांगून द्या, किंवा अंगणात दोन फूट खोल पुरा. कोंबड्यांना, कुत्र्या-मांजरांना घालू नका, आणि नाल्यात तर मुळीच टाकू नका, तिथून ते कुणाच्या तोंडी लागेल ते सांगता येत नाही. माल ठेवलेले टब, सुरी आणि पाट साबणाने घासून भरपूर पाण्याने धुवा, बर्फ ओतून द्या आणि नवा बर्फ भरूनच पुढची ऑर्डर घ्या.